फुप्फुसाच्या फोटोत दिसलेले हृदय

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने छातीच्या एचआरसीटी स्कॅनचे दर बांधून दिले. १६ स्लाइसपेक्षा लहान यंत्र असेल तर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसचे असेल तर २,५०० आणि त्याहून मोठे असेल तर ३,०००. करोनाचे दिवस होते. ‘स्कोअर किती आला?’ हीच तेव्हा तब्येतीची चौकशी होती. फुप्फुसाचे पाच खंड, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. पाच आला की घरचे हुश्श करत, अठरा आला की बेडसाठी फोनाफोनी सुरू होई.

त्या स्कॅनच्या प्लेटा अजून घराघरांत आहेत. मीरा रोडच्या टॉवरमध्ये आहेत, भाईंदर पूर्वेच्या चाळीत आहेत, उत्तनच्या कोळीवाड्यातही आहेत. कपाटाच्या डोक्यावर, लाइट बिलांच्या पिशवीत, मुलांच्या मार्कशीटच्या फायलीत. तीस वर्षे विडी ओढलेल्या माणसाच्या घरीही त्यातली एक असेलच. आजचे व्याख्यान त्या प्लेटेबद्दल आहे. तिच्यावर दोन फुप्फुसांच्या मध्ये जो गोळा दिसतो तो हृदयाचा असतो, आणि त्या वर्षी त्याच्याकडे पाहायला कोणालाही सवड नव्हती.

प्लेट ट्यूबलाइटसमोर धरली तर छोट्या छोट्या चौकटींच्या रांगा दिसतात. काही चौकटींत फुप्फुस काळे आणि हृदय एकदम पांढरे दिसते. त्या फुप्फुस पाहण्यासाठी काढलेल्या. दुसऱ्या काहींत फुप्फुस गडद काळे आणि हृदय करडे दिसते. या दुसऱ्या प्रकारच्या चौकटींत कधी कधी त्या करड्या गोळ्यावर हाडासारखी पांढरीशुभ्र रेघ किंवा ठिपके आढळतात. ते असते हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमधले कॅल्शियम. बोअरच्या पाण्याचा क्षार नळात धरतो तसेच हे, असे पुष्कळांना वाटते. पण हा क्षार नळीच्या पोकळीत नसतो, नळीच्या भिंतीत असतो. भिंतीत चरबीचा थर बसला, तो वर्षानुवर्षे धुमसत राहिला, त्याच्या काही भागात कॅल्शियम साचले, असा तो इतिहास. डाग दिसला म्हणजे धमनी बुजली असे नव्हे, पण तिथे आजार राहायला आला आहे एवढे त्यावरून नक्की कळते. घरच्या घरी निदान करण्यासाठी हे सांगितलेले नाही. जुना स्कॅन आणि त्याची सीडी डॉक्टरांपुढे ठेवून ‘यात हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम दिसते का?’ एवढे विचारता यावे, म्हणून सांगितले.

आता मूळ विषयाकडे. भरपूर धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडावा म्हणून कमी मात्रेचा सीटी स्कॅन करण्याची पद्धत जगात रुजली ती एका अमेरिकी चाचणीमुळे. २००२ ते २००४ या काळात तिच्यात ५३,४५४ माणसे घेतली गेली. वय ५५ ते ७४; सिगारेट चालू असलेली किंवा सोडून १५ वर्षे न झालेली; आणि धूम्रपान किमान ‘३० पॅक-वर्षे’ झालेले, म्हणजे रोज एक पाकीट अशी ३० वर्षे किंवा रोज दोन अशी १५ वर्षे. निम्म्यांचा वर्षाकाठी एक असा तीनदा सीटी झाला, निम्म्यांचा साधा एक्स-रे. २०११ साली निकाल आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. २०२० मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या चाचणीनेही तेच सांगितले. तिथल्या पुरुषांत दहा वर्षांत २४ टक्क्यांची घट. दोन्ही निकालांची बातमी झाली, आणि ती होण्याजोगीच होती.

अमेरिकी चाचणीतल्या एका तक्त्याची मात्र बातमी झाली नाही. कोण कशाने मेले, याचा तो तक्ता. सीटीच्या गटात जे मरण पावले त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले सुमारे २३ टक्के होते, आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने गेलेले सुमारे २६ टक्के. ज्यांना निवडलेच होते फुप्फुसाच्या भीतीने, त्यांच्यातही हृदयाने जास्त माणसे नेली. आणि ते हृदय दरवर्षी त्याच सीटीत दिसत होते.

ही गोष्ट नवी नाही, हे अधिक खटकते. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे हॅमंड आणि हॉर्न या दोघांनी १९५२ मध्ये सुमारे १,८८,००० पुरुषांची पाहणी सुरू केली. संस्था कर्करोगाची, शोध कर्करोगाचा. १९५४ पासून आकडे येऊ लागले तेव्हा दिसले की सिगारेट ओढणाऱ्यांत जे जादा मृत्यू होत होते, त्यांतला सुमारे निम्मा वाटा हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा होता. फुप्फुसाच्या कर्करोगाचा त्याहून पुष्कळच कमी. हिशेब सोपा आहे. सिगारेटने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका पंधरा-वीस पटींनी वाढतो आणि हृदयविकाराचा दोन-तीन पटींनी. पण फुप्फुसाचा कर्करोग मुळात विरळा आणि हृदयविकार मुळातच घरोघरचा. घरोघरच्या आजाराची दुप्पट ही विरळ्या आजाराच्या वीसपटीपेक्षा मोठी भरते. तरीही गेल्या सत्तर वर्षांत सिगारेट म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते काळवंडलेले फुप्फुसच. पाकिटावरच्या चित्रांनीही त्यालाच हातभार लावला.

हे सगळे अमेरिकेचे, सिगारेटचे. इथे विडी आहे.

मुंबईत या प्रश्नावर जे काम झाले ते जगात नावाजले गेले, पण मुंबईकरांना फारसे ठाऊक नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. प्रकाश गुप्ता यांनी १९९१ मध्ये शहराच्या मतदार याद्या घेतल्या आणि त्या याद्यांवरून पस्तीस वर्षांवरच्या माणसांच्या घरी कार्यकर्ते पाठवले. हातात मावणारे संगणक घेऊन ही मंडळी जिने चढत होती. संगणक अजून बहुतेक कचेऱ्यांतही पोचला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या टप्प्यात ९९,५९८ माणसे नोंदली गेली. त्यांच्यात ६९ टक्के पुरुष आणि ५७ टक्के बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या. बायकांची तंबाखू जवळजवळ सगळी तोंडातली, मिश्री धरून. उच्चभ्रू सोसायट्यांची मतदान केंद्रे अभ्यासातून वगळावी लागली, कारण तिथली सुरक्षा व्यवस्था पार करून आत जाणे अवघड होते. गरिबांच्या दारावर थाप मारता येते म्हणून त्यांच्याबद्दल आपल्याला जास्त कळते, असा याचा एक विनोदी अर्थ निघतो.

काही वर्षांनी कार्यकर्ते पुन्हा त्याच दारांत गेले. कोण हयात आहे, कोण नाही, याची नोंद केली. २००५ मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा: वय आणि शिक्षण यांचा हिशेब धरूनही, तंबाखूला कधीच न शिवलेल्या पुरुषांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त, आणि विडी ओढणाऱ्यांचा ६४ टक्क्यांनी. ‘विडी काय, पान आहे, चिमूटभर तंबाखू आहे’ या समजुतीचा एवढा रोखठोक निकाल दुसरीकडे क्वचितच लागला असेल. २००८ मध्ये प्रभात झा आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या ११ लाख घरांच्या माहितीवरून काढलेला हिशेब थोडा वेगळा आहे. त्यांच्या मते विडीने पुरुषाची सहा वर्षे जातात, बाईची आठ, आणि सिगारेटने पुरुषाची दहा. म्हणजे दोघींत थोरली कोण यावर एकमत नाही. विडी सौम्य नाही, यावर आहे.

विडी हृदयाला जड का जाते, हे ती ओढणाऱ्याकडे पाहिले तर कळते. भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटींत स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत. बफिंगच्या चाकावरून उठलेला कामगार बाहेर येतो, कानामागची विडी काढतो, पेटवतो. सिगारेट बोटांत धरून गप्पा मारल्या तरी ती जळत राहते, कारण तिच्या कागदातून हवा आत शिरते आणि कागदात जळत राहण्याची सोय केलेली असते. टेंभुर्णीच्या पानातून हवा शिरत नाही. दोन वाक्ये बोलला की विडी विझते. मग काडी पुन्हा लावा, नाहीतर बोलणे सोडून ओढत राहा. तो ओढत राहतो. लवकर लवकर आणि खोलवर. विडीत तंबाखू सिगारेटच्या पाव हिश्शाइतकीच असते, तरी निकोटिन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा डोस सिगारेटच्या तोडीचा किंवा तिच्यावर जातो तो यामुळे.

‘पॅक-वर्षे’ हे माप इथे कुचकामी ठरते ते यासाठीच. विडीचे पाकीट नसते, कट्टा असतो, आणि किती विड्यांची एक सिगारेट धरायची यावर तज्ज्ञांचे जमलेले नाही. भारतातले छातीचे डॉक्टर म्हणून साधा गुणाकार करतात: रोजच्या विड्या गुणिले वर्षे. त्याला ते स्मोकिंग इंडेक्स म्हणतात. रोज २० विड्या आणि ३० वर्षे म्हणजे ६००. आकडा ३००च्या पुढे गेला की माणूस भारी ओढणारा. सभागृहातल्या कोणालाही हा गुणाकार आपल्या वडिलांसाठी, काकांसाठी मनातल्या मनात करता येईल.

बावन्न देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने या बाबतीत आणखी एक दार उघडले. २००६ मध्ये त्यातली तंबाखूची आकडेवारी आली. हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा धोका नुसती विडी ओढणाऱ्यांत २.८९ पट, नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत २.२३ पट, आणि धूम्रपान करून वर तंबाखूही चघळणाऱ्यांत ४.०९ पट. महाराष्ट्रासाठी यातला मधला आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार राज्यातले धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. फुप्फुसाच्या तपासणीच्या निमित्ताने हृदयही पाहावे, हा विचार चांगला आहे. पण खैनी-मिश्रीवाल्याला फुप्फुसाच्या तपासणीला कोणी बोलावणारच नाही, आणि धमन्या तर त्याच्याही कडक होत आहेत.

कॅल्शियमचे मोजमाप आले १९९० मध्ये. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि वॉरेन जॅनोविट्झ या फ्लोरिडातल्या दोघांनी सीटीवरच्या पांढऱ्या डागांचे क्षेत्रफळ आणि तेज यांचा गुणाकार करून एक आकडा काढला. शून्य म्हणजे डाग नाही. शंभरच्या पुढे चिंतेचे. चारशेच्या पुढे फारच. हेच अ‍ॅगॅटस्टन पुढे वजन कमी करण्याच्या पुस्तकामुळे जास्त प्रसिद्ध झाले. वैद्यकातली कीर्ती कुठून येईल सांगता येत नाही. त्यांचा आकडा काढायला स्कॅन हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घ्यावा लागतो. फुप्फुसाच्या स्कॅनमध्ये तसे करत नाहीत, त्यामुळे हृदय जरा पुसट येते. म्हणून बराच काळ असे मानले गेले की या स्कॅनवरून हृदयाबद्दल बोलू नये. मग २०१५ मध्ये त्या अमेरिकी चाचणीतलेच स्कॅन पुन्हा काढून पाहिले गेले. आकडेमोड न करता रेडिओलॉजिस्टने नुसत्या नजरेने चार शब्दांत वर्गवारी केली: नाही, थोडे, मध्यम, भरपूर. ‘भरपूर’ असलेल्यांचा हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका ‘नाही’वाल्यांच्या सुमारे सातपट निघाला. नजरेचा अंदाज आकड्याच्या जवळपास तितकाच कामाचा ठरला. २०१६ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांची शिफारस आहे की छातीच्या प्रत्येक साध्या सीटीच्या रिपोर्टात हे लिहावे.

म्हणजे रिपोर्टात एक ओळ. यासाठी जादा किरण नकोत, जादा पैसे नकोत, नवे यंत्र नको. भाईंदरच्या रिपोर्टातही ती ओळ मागता येते. पुष्कळ रेडिओलॉजिस्ट ती लिहितातही, पण शेवटी, ‘इतर निष्कर्ष’ या मथळ्याखाली, मणक्याच्या झिजेच्या शेजारी. तिथपर्यंत वाचणारा दुर्मीळ.

एक सावधगिरी मात्र हवी. कॅल्शियम शून्य आले म्हणून विडीवाल्याने सुटकेचा श्वास टाकू नये. सगळ्याच थरांत कॅल्शियम नसते, आणि फुटून झटका आणणारा थर अनेकदा मऊ, कच्चा असतो. २०१८ च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत म्हटले आहे की शून्य आल्यास स्टॅटिनची गोळी लांबणीवर टाकता येईल. पण धूम्रपान करणारे, मधुमेही आणि घरात लवकर हृदयविकार झालेले यांना तिने या सवलतीतून वगळले आहे. दुसरी सावधगिरी उलट बाजूची. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६ हजारांवर पुरुषांच्या चाचणीत काहींना सीटी, रक्तदाब आणि रक्ततपासणीसाठी बोलावले गेले. २०२२ मध्ये पाच वर्षांचा निकाल आला तेव्हा एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. त्यामुळे निव्वळ हृदयासाठी सरसकट सगळ्यांचे सीटी करा, असे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. झालेल्या सीटीत जे दिसते ते वाया घालवू नका, एवढे सांगता येते.

भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाची राष्ट्रीय तपासणी मोहीम नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीच्या पुढच्यांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग आहेत: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. फुप्फुस नसण्याचे एक कारण पैसा, दुसरे क्षय. जगातले सुमारे पाव क्षयरुग्ण भारतात आहेत. क्षय बरा झाला तरी फुप्फुसात गाठीसारख्या खुणा ठेवून जातो, आणि सीटीत त्या खुणा आणि कर्करोगाची सुरुवात एकमेकींसारख्या दिसू शकतात. अमेरिकेत, जिथे क्षय नगण्य आहे, तिथेसुद्धा ‘काहीतरी दिसले’ म्हणून सांगितलेल्यांपैकी ९६ टक्क्यांना कर्करोग नव्हता. इथे काय होईल याची कल्पना करावी: पुन्हा स्कॅन, सुई, बायोप्सी, रजा, उसनवारी. त्यात धूर आणि क्षय यांचे स्वतःचे नाते आहे. २००३ मध्ये चेन्नईच्या डॉ. गजलक्ष्मी आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो यांनी दाखवले की भारतातल्या पुरुषांच्या क्षयमृत्यूंपैकी सुमारे निम्म्यांच्या मागे धूम्रपान आहे. विडीवाल्याच्या छातीत जुनी खूण असण्याची शक्यता म्हणूनच जास्त. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात फुप्फुसाचा सीटी घालून विकणाऱ्या जाहिरातींत यातले काही छापलेले नसते.

इंग्लंडचा अनुभव इथे उपयोगी आहे. मँचेस्टरमध्ये २०१६ पासून सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये सीटीचा ट्रक उभा करून भारी ओढणाऱ्यांची तपासणी झाली. गरीब वस्त्या निवडल्या. तिथल्या डॉक्टरांनी त्याच भेटीत हृदयाचा धोकाही मोजला. जवळजवळ सगळ्यांचा पुढच्या दहा वर्षांतला धोका स्टॅटिन सुरू करण्याच्या रेषेपलीकडे निघाला, आणि त्यांतले कित्येक गोळी घेतच नव्हते. हे कळायला सीटीची गरज नव्हती. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि ‘ओढता का?’ या प्रश्नाचे उत्तर एवढ्यावर ते कळत होते.

मीरा-भाईंदरसाठी या व्याख्यानाचे म्हणणे इथेच आहे. २००२ मध्ये महानगरपालिका झालेल्या, २०११ च्या जनगणनेत आठ लाख नऊ हजारांवर गेलेल्या या शहरात सीटीचा ट्रक येईल तेव्हा येईल. भारी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाबद्दल आज जे करता येत नाही, त्यातले बरेचसे त्याच्या हृदयाबद्दल करता येते, आणि त्याला लागणारे सामान पालिकेच्या दवाखान्यातल्या टेबलावर आहे: दंडाला बांधायचा पट्टा आणि रक्ताची नळी.

रक्तदाबापासून सुरुवात करू. त्यावरच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचे नाव आहे, केईएमच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि जगभरचे डॉक्टर या मुळीकडे वळले. आजचे औषध वेगळे आहे आणि स्वस्त आहे. २०१८ पासून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांत एका देशव्यापी उपक्रमाचे काम सुरू झाले. त्यात नवे काहीच नव्हते. कोणती गोळी आधी, किती, ती पुरली नाही तर पुढची कोणती, हे ठरवून टाकले. सुरुवात अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमने. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली, आला नाही तर चौकशी केली, औषधाचा साठा संपू दिला नाही. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. साताऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जमते ते लोकल स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावरच्या दवाखान्यात न जमण्याचे कारण नाही. अडचण दुसरीकडे आहे. सकाळी सहाची गाडी पकडून रात्री नऊला परतणाऱ्याला दवाखाना उघडा सापडत नाही, आणि गाळ्यातल्या कामगाराचा खाडा पडतो. संध्याकाळचा दवाखाना हे हृदयविकार टाळण्याचे औषध आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरी गोळी स्टॅटिनची. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आकडे दिले: जास्त धोका असलेल्यांचे एलडीएल कोलेस्टेरॉल ७०च्या खाली, झटका येऊन गेलेल्यांचे ५५च्या खाली. स्टॅटिनबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर इतके काही फिरते की रुग्ण गोळी घेऊन घरी जातो आणि पुतण्याच्या फॉरवर्डवरून बंद करतो. स्नायू दुखले तर डॉक्टरला सांगावे, मात्रा किंवा गोळी बदलता येते. सीटीतले पांढरे डाग दाखवले की गोळी चालू ठेवायला माणूस जास्त राजी होतो, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. रिपोर्टातल्या त्या एका ओळीचा हा आणखी एक उपयोग.

आणि विडी. इथे थोडे थांबायला हवे, कारण फुप्फुस आणि हृदय यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. फुप्फुसाच्या पेशींत धुराने जे बिघाड केले ते विडी सोडल्यावर लगेच पुसले जात नाहीत. कर्करोगाचा धोका वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो. हृदयाच्या धोक्याचा मोठा भाग मात्र आजच्या धुरावर अवलंबून असतो. निकोटिन नाडी आणि दाब चढवते, कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवते, धमनीचे अस्तर चिडते, रक्तातल्या बिंबिका चिकट होतात. अशा वेळी भिंतीतला थर तडकला की काही मिनिटांत गुठळी. धूर थांबला की यातले पुष्कळसे दिवसांत-आठवड्यांत उतरू लागते. इंटरहार्टमध्ये ओढणाऱ्यांचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट होता, तो सोडल्यावर तीन वर्षांच्या आत दुपटीच्या खाली आला. ब्रिटिश डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या रिचर्ड डॉल यांच्या अभ्यासात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही आयुष्याची सुमारे तीन वर्षे परत मिळाली, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. साठीच्या विडीवाल्याचे ‘आता सोडून काय उपयोग?’ हे वाक्य फुप्फुसाच्या धास्तीतून आलेले असते.

सोडण्यासाठी मदत मिळते, ती घेतली जात नाही. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा क्रमांक २०१८ पासून पाकिटावर छापलेला आहे. फोन फुकट, मराठीतही बोलता येते. कट्टा सुटा विकला जातो, विडी एकेक विकली जाते, तेव्हा क्रमांक पानवाल्याकडेच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यात समुपदेशनाबरोबर निकोटिनचे च्युइंगम आणि पट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन आहेत. इच्छाशक्तीवर सगळे सोडून देणारे डॉक्टर मधुमेह्याला ‘साखर मनाने उतरवा’ असे सांगत नाहीत. दरम्यान सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणण्याचे ठरवले. विड्या वळणाऱ्या सोलापूर-सिन्नरच्या बायकांच्या रोजगाराचा मुद्दा खरा आहे. त्याचे उत्तर विडी स्वस्त करण्यात आहे का, याची चर्चा कर्करोगवाले करतात, हृदयवाल्यांनीही करायला हवी.

अशा व्याख्यानांनंतर काही प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरे छापील प्रतीत असलेली बरी.

‘आता दिवसाला एकदोनच उरल्यात.’ कमी केल्या हे चांगलेच, पण हृदयाच्या हिशेबात सूट त्या प्रमाणात मिळत नाही. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रोज एकच सिगारेट ओढणाऱ्याला रोज वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्यापैकी जवळपास निम्मा धोका राहतो असे दिसले. विसावा भाग नव्हे, निम्मा.

‘स्टेशनचा पूल चढताना पोटऱ्या भरून येतात, थांबले की बरे वाटते.’ वय झाले म्हणून हे सोडून देऊ नये. ओढणाऱ्यांत पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे हे लक्षण असू शकते, आणि पायात जे झाले ते हृदयात होत असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरला पायाची नाडी तपासायला सांगावी. तरुण विडीवाल्याच्या पायाचे बोट काळे पडू लागले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बर्जर नावाच्या आजारात विडी सुटली तर पाय बहुधा वाचतो, नाही सुटली तर अनेकदा कापावा लागतो.

‘रोज एक अ‍ॅस्पिरिन घेतली तर?’ झटका येऊन गेलेल्याला किंवा स्टेंट बसलेल्याला ती हवीच, आणि त्याने ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ज्याला असे काही झालेले नाही त्याच्यासाठी २०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, आणि सरसकट अ‍ॅस्पिरिनचा उत्साह मावळला. त्यांतल्या मधुमेह्यांच्या चाचणीत झटके आणि पक्षाघात मिळून १२ टक्क्यांनी घटले, पण मोठे रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले. सीटीत कॅल्शियम भरपूर दिसत असेल तर विचार वेगळा होऊ शकतो. तेव्हा पोटाचा अल्सर, वय आणि चालू असलेल्या दुसऱ्या गोळ्या पाहून डॉक्टर ठरवतील. मेडिकलच्या काउंटरवर ‘हृदयाची एक द्या’ म्हणून मागायची ती गोळी नाही.